व्हर्नियरने मोजलेला चट्टा

दादाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला लिही, फक्त नाव टाकू नको आणि हाताचे फोटो टाकू नको, बाकी झालं ते झालं. तारखा मी व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवरून आणि त्याच्या फाइलमधून काढल्यात, दोनचार दिवस इकडेतिकडे असतील पण क्रम बरोबर आहे.

आधी माणूस. वय तेव्हा ३८, चाकणला एका कंपनीत क्वालिटीत, शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, आधी कधी त्वचेचं काही दुखणं नाही. घरी वहिनी आणि सात वर्षांची मुलगी. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे, एका सीएच्या ऑफिसात नोकरी करायचे, आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आईबाबा वरोऱ्याला. हो, तेच आनंदवनवालं वरोरा, चंद्रपूर जिल्हा. हे सगळं उगीच सांगत नाहीये, पुढे लागणार आहे.

२०२२ च्या गणपतीत आरतीला त्याने बाह्या वर केल्या होत्या आणि ताट फिरवताना मला दिसलं, उजव्या कोपराच्या खाली चार बोटांवर, बाहेरच्या बाजूने एक डाग, जुन्या रुपयाएवढा, फिकट तांबूस, कडा जराशी उचललेली. मी म्हटलं हे काय रे, तर म्हणे माहीत नाही, आठपंधरा दिवस झाले असतील, खाजत नाही, दुखत नाही, मग कशाला बघू. ही त्याची पहिली हिस्ट्री आणि खरं तर सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. खाजत नाही, दुखत नाही. पण आपल्याकडे खाजत नाही आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असाच अर्थ होतो ना.

मग नेहमीचं. मेडिकलवाल्याला हात दाखवला, त्याने ट्यूब दिली, तीनतीन औषधं एकात असलेली, बुरशीचं पण, जंतूंचं पण आणि वरून कडक स्टेरॉइड. लालपणा आठ दिवसांत गेला, आम्ही खूश, ट्यूब संपली, महिन्याभरात डाग परत, आता थोडा मोठा. अशा दोन ट्यूबा झाल्या. स्टेरॉइडची गंमत अशी की ते कुठल्याही गोष्टीचा लालपणा घालवतं, मूळ गोष्ट तशीच राहते आणि वरून तिचा चेहरा बदलतो, म्हणजे नंतर जो डॉक्टर बघेल त्याला पुस्तकातल्यासारखं चित्र दिसतच नाही. त्वचेचे डॉक्टर या ट्यूबांवर किती वर्षं ओरडतायत, आणि तरी त्या चिठ्ठीशिवाय मिळतात. आम्हालाही मिळाल्या आणि आम्हीही घेतल्या, त्यामुळे मी काय बोलणार.

आता दादाचा स्वभाव सांगायला हवा. हा माणूस घरात पडदे लावताना पण स्पिरिट लेव्हल काढणारा. जानेवारी २०२३ पासून त्याने तो डाग व्हर्नियरने मोजायला सुरुवात केली. घरी त्याचा स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर आहे, स्टीलचा, निळ्या डबीतला. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी अंघोळीनंतर त्याचे दोन्ही जबडे डागाच्या दोन कडांना टेकवायचे, वहिनीने आकडा वाचायचा, त्याने मोबाइलमध्ये एक्सेल शीटमध्ये टाकायचा. जानेवारी २६ मिलिमीटर, फेब्रुवारी २७.५, मार्च ३१. रंगासाठी वेगळा कॉलम, कडेसाठी वेगळा. मी चिडवायचे की आता कंट्रोल चार्ट पण काढ. त्याने काढला होता, मला नंतर कळलं.

फॅमिली डॉक्टर म्हणाले गजकर्ण. चार आठवडे गोळ्या आणि साधं बुरशीचं क्रीम. काही फरक नाही. त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही कारण गेल्या काही वर्षांत गजकर्णाची इतकी लाट आलीय की गोल आणि कड उचललेलं काही दिसलं की दहातल्या नऊ वेळा तेच असतं. पण गजकर्ण खाजतं. रात्री झोपू देत नाही असं खाजतं. त्यांनी विचारलं होतं खाज आहे का, दादा म्हणाला नाही, आणि तो नाही केसपेपरवर लिहिला गेला आणि तिथेच राहिला.

मार्चमध्ये पहिले स्किनवाले डॉक्टर. त्यांनी डाग खरवडून काचपट्टीवर घेतला, बुरशी नाही निघाली. मग म्हणाले एक्झिमा वाटतो, किंवा कशाची तरी ॲलर्जी, कंपनीत ऑइल बिइल लागतं का? लागतं. झालं, सगळं ऑइलवर गेलं. हातमोजे घातले, साबण बदलला, वहिनीने वांगं बंद केलं (वांग्याचा काय संबंध हे आजही कोणी सांगू शकलेलं नाही, पण आमच्याकडे त्वचेचं काहीही झालं की पहिला बळी वांग्याचा). रक्त तपासलं, शुगर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. एप्रिल ३३.

मे महिन्यात आम्ही सगळे वरोऱ्याला गेलो. वरोऱ्याचा मे ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, ४५-४६ च्या आसपास, दुपारी कूलरसमोर सगळे आडवे, आणि त्यात लाइट गेली. दादा बनियनवर ओसरीत बसला होता, घामाने निथळत होता, हात, मान, पाठ, सगळं चमकत होतं. आई त्याला ताक द्यायला आली आणि थांबली. म्हणाली, काहून रे, तुले तेवढ्या जागी घाम नाही येऊन राह्यला? आम्ही बघितलं तर खरंच, पूर्ण हात ओला आणि तो डाग कोरडा, अगदी कोरडा, जसं ओल्या फरशीवर कोणी पाट उचलल्यावर राहतं तसं. आणि त्या जागेवर केसही नव्हते, ते पण तेव्हाच दिसलं. दादा म्हणाला औषधाने झालं असेल. आई काही बोलली नाही. ताकाचा ग्लास ठेवला आणि आत गेली.

मला ते आता आठवतं तेव्हा तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते पण येत नाही, कारण मी तेव्हा लाइट कधी येते याच काळजीत होते.

जुलैत दोन नवीन डाग, एक दंडावर, एक पाठीवर उजव्या बाजूला, लहान. पहिला ३८ मिलिमीटर. आता खरी भीती वाटायला लागली, कारण एक डाग म्हणजे डाग, तीन डाग म्हणजे रोग. नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली की कोड तर नाही ना, आणि माझ्या स्थळाच्या संदर्भात एका मावशीने आईला फोन करून सांगितलं की पोराला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांग, लोक विचारतात. त्याने घातला. चाकणच्या शॉपफ्लोअरवर जुलैत पूर्ण बाह्या.

दुसरे स्किनवाले डॉक्टर, ऑगस्ट. यांनी सरळ सांगितलं, अंदाजाने औषध देणार नाही, बायोप्सी करू. चार मिलिमीटरचा पंच, म्हणजे पेनाच्या टोपणापेक्षा बारीक गोल नळी, कडेवर फिरवून एक तुकडा काढला, एक टाका, तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत. दादा बाहेर येऊन म्हणाला इंजेक्शन कळलंच नाही यार, डॉक्टरांचा हात खूप हलका आहे. आम्ही त्यांच्या हाताचं कौतुक करत वडापाव खाल्ला.

रिपोर्टला दहा दिवस. इथे जरा थांबते, कारण वाट बघणं म्हणजे काय ते या दहा दिवसांत कळलं. आधीचं वर्षभर आम्ही वाट बघतोय हेच आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही उपचार करतोय असं वाटत होतं. आता बाटली गेली होती आणि हातात काहीच नव्हतं. दादा रात्री मोबाइलवर त्वचेचे फोटो बघत बसायचा आणि त्याला प्रत्येक फोटोत स्वतःचा हात दिसायचा. वहिनी एकदा म्हणाली, काय ते एकदाचं नाव कळू दे, कितीही वाईट असू दे. मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. आम्हाला वाईट नाव चालणार नव्हतं, आम्हाला फक्त परकं नाव हवं होतं, लांबचं, ज्याचा आमच्याशी आधी काही संबंध नाही असं.

आणि तसंच आलं. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, ग्रॅन्युलोमॅटस डर्माटायटिस. खाली चार नावं: सारकॉइडोसिस, ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर, त्वचेचा टीबी, हॅन्सेन्स डिसीज. जंतूंचा स्टेन निगेटिव्ह (रंग लावून बघितलं तर जंतू दिसले नाहीत). क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे. म्हणजे थोडक्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणतोय की मला एवढंच दिसतंय, बाकी पेशंट बघणाऱ्याने ठरवा, आणि पेशंट बघणारा म्हणत होता रिपोर्ट काय म्हणतो ते बघू.

ग्रॅन्युलोमा म्हणजे काय ते नंतर मला समजलं ते असं, शरीराला एखादी गोष्ट मारून टाकता येत नाही तेव्हा पेशी तिच्याभोवती गराडा घालतात, तिला कोंडून ठेवतात. असे गराडे टीबीत पडतात, सारकॉइडोसिसमध्ये पडतात, अजून बऱ्याच गोष्टींत पडतात. गराडा दिसला म्हणून आत कोण आहे ते कळत नाही. आणि हॅन्सेनच्या ज्या प्रकारात शरीर चांगलं लढतं त्यात जंतू इतके थोडे उरतात की स्टेनमध्ये सापडतच नाहीत. म्हणजे प्रतिकार जितका चांगला तितका पुरावा कमी. कल्चर करायचं म्हटलं तर हा जंतू प्रयोगशाळेत बशीत वाढतच नाही, १८७३ मध्ये नॉर्वेत आर्मौअर हॅन्सेनने तो पहिल्यांदा दाखवला, तेव्हापासून आजपर्यंत कोणाला जमलेलं नाही, उंदराच्या पंजात किंवा आर्माडिलो नावाच्या प्राण्यात वाढवावा लागतो. वाढतो पण इतका सावकाश की एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस. टीबीचा जंतू याच्यासमोर घाईचा म्हणायचा.

पण हे सगळं नंतर. तेव्हा दादाने सारकॉइडोसिस गूगल केलं, त्यात फुप्फुसं आली, तो आठवडाभर स्वतःचा श्वास मोजत बसला. एक्सरे काढला, स्वच्छ. टीबीची मॉन्टू टेस्ट केली, हातावर १४ मिलिमीटर फुगली (तीही त्याने स्वतः परत मोजली), मग टीबीची भीती. आपल्याकडे मॉन्टू अर्ध्या लोकांची फुगते, बीसीजी असते, टीबीचा संपर्क येऊन गेलेला असतो, पण हे त्या वेळी कोणाला पटतं. डॉक्टर म्हणाले की पंधरा दिवस बघू, नाहीतर टीबीची औषधं सुरू करून बघू कसा प्रतिसाद येतो. आता विचार केला की अंगावर काटा येतो, कारण टीबीच्या औषधांत पण रिफॅम्पिसिन असतं, हॅन्सेनच्या औषधांत पण तेच मुख्य असतं, म्हणजे डाग थोडे सुधारले असते, सगळ्यांना वाटलं असतं टीबी होता, आणि निदान कायमचं गाडलं गेलं असतं.

चौथं नाव कोणीच गूगल केलं नाही. दादाने फोनवर विचारलं होतं, हॅन्सेन म्हणजे काय, तर उत्तर आलं की ते यादीत लिहावंच लागतं, तुमच्यासारख्यांना नसतं ते. तुमच्यासारख्यांना. दादाने पण पुढे विचारलं नाही.

आणि ही गोष्ट मला आजही पचत नाही. आम्ही वरोऱ्याची माणसं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ ला आनंदवन उभं केलं ते आमच्या गावाच्या वेशीवर. 'महारोगी सेवा समिती' ही अक्षरं आम्ही वाचायला शिकलो तेव्हापासून वाचतोय. शाळेची सहल तिथे, घरातल्या सतरंज्या तिथल्या, दिवाळीची ग्रीटिंग कार्डं तिथली. पुण्यात कोणी विचारलं गाव कुठलं तर आम्ही अभिमानाने सांगतो, आनंदवन माहितीये ना, तेच. त्या रोगाचं महारोग हे नाव माहीत, कुष्ठरोग माहीत, आजी रक्तपिती म्हणायची ते पण माहीत. फक्त तोच रोग हॅन्सेन्स डिसीज असं इंग्रजी नाव लावून आमच्याच घरी आला तेव्हा ओळखला नाही. कारण तो रोग आमच्या डोक्यात हातापायाची बोटं नसलेल्या माणसाचा होता, वेशीच्या पलीकडचा. चाकणला नोकरी करणाऱ्या, व्हर्नियर बाळगणाऱ्या माणसाच्या कोपराखालचा एक डाग हे त्याचं रूप असू शकतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं खरं तर, शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, न खाजणारा, न दुखणारा, फिकट किंवा लालसर बधिर चट्टा. आम्ही ती भिंत ओलांडूनच ग्राउंडवर जायचो.

ऑक्टोबरमध्ये उजव्या कोपरात झिणझिण्या सुरू झाल्या, कोपर टेबलाला टेकला की करंगळीपर्यंत करंट. मग करंगळी जरा बाजूला राहायला लागली, बाकीच्या बोटांना चिकटेना. कंपनीत मायक्रोमीटर दोनदा हातातून सुटला. तेव्हा तो घाबरला, कारण डाग झाकता येतो, हात कसा झाकणार. वहिनीच्या ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलं की सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत दाखवा, तिथे रोज दीडदोनशे पेशंट बघतात, त्यांची नजर बसलेली असते. सोमवारी सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो, नंबर साडेअकराला लागला.

रेसिडेंट डॉक्टर होती, माझ्याच वयाची असेल, पुढ्यातल्या टेबलावर अर्धा कप थंड झालेला चहा. तिने फाइल बाजूला ठेवली. उघडलीच नाही. म्हणाली शर्ट काढा, खिडकीकडे या, उजेडात. तिन्ही डाग बघितले. मग कापसाची बारीक वात केली, आधी दादाच्या डोळ्यांदेखत चांगल्या कातडीवर टेकवून दाखवली, म्हणाली आता डोळे मिटा, जिथे लागेल तिथे बोट ठेवा. मनगट, दादाचं बोट लगेच. दंड, लगेच. खांदा, लगेच. मग तिने कापूस डागावर टेकवला. दादा डोळे मिटून शांत उभा. तिने मधोमध टेकवला, कडेला टेकवला, परत मध्ये. आणि दादा म्हणाला, "मॅडम, सुरू करताय ना?"

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी कापसाकडे बघत होती.

मग तिने त्याचा कोपर वाकवून मागच्या खळग्यात बोटं फिरवली, दुसऱ्या हाताचाही तसाच बघितला, आणि मला म्हणाली तुम्ही पण बघा, हात लावा. डाव्या बाजूला शोधावी लागत होती ती नस उजव्या बाजूला सुतळीसारखी जाड लागत होती. मग एक कागद, करंगळी आणि अनामिका यांच्या मध्ये धरायला लावला, बोटं वाकवायची नाहीत, फक्त चिमटीत धरायचा, आणि तिने हळूच ओढला. डाव्या हातातून निघेना. उजव्या हातातून असा आला, जसा काही कोणी धरलाच नव्हता. सगळं मिळून तीन मिनिटं. चौदा महिने आणि तीन मिनिटं.

ती म्हणाली कुष्ठरोग आहे, सुरुवातीचा आहे, पूर्ण बरा होतो, नस सुजलीय तिला लगेच औषध द्यायला लागेल. आवाज न बदलता, जसं कोणी कावीळ सांगतं तसं. मग सरांनी येऊन बघितलं, बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड असं लिहिलं. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये पाच पायऱ्या लावून दिल्यात, त्यातली एका टोकाकडची ही पायरी, जिथे शरीर बऱ्यापैकी लढत असतं, म्हणून डाग थोडे, जंतू थोडे, पण त्या लढाईत नसा भाजून निघतात. कानाच्या पाळीतून आणि डागातून स्मिअर (जंतू शोधायला काचपट्टीवर नमुना) घेतला, निगेटिव्ह येईल असं आधीच सांगितलं आणि तसाच आला. खाजगी लॅबमधला बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागवून परत कापला, त्यात गराड्याच्या मधोमध तुटत चाललेली नस दिसली. बाकीच्या तीन नावांत नस अशी खाल्ली जात नाही. ती पहिल्या वेळीही तिथेच असणार, दुसऱ्या कापात असेल, कोणी नेमकी शोधली नव्हती एवढंच.

पण गंमत म्हणजे हा रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू झालं होतं. बधिर चट्टा असेल किंवा जाड झालेली नस आणि तिच्या भागात बधिरपणा वा अशक्तपणा असेल किंवा स्मिअरमध्ये जंतू असतील, तीनातलं एक पुरतं, निदानासाठी दुसऱ्या कशाची वाट बघावी लागत नाही. वर्षभर आम्ही ज्या कागदाची वाट बघत होतो त्या कागदाची गरजच नव्हती.

रिक्षात दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, व्हर्नियर कधी गार लागला नाही बघ. मी म्हटलं काय? म्हणाला, जानेवारीत सकाळी अंघोळ करून स्टीलचा व्हर्नियर लावायचो, माझ्या बोटांना गार लागायचा, डागाला कधीच लागला नाही, आणि मी आकडा लिहून घ्यायचो. दहा रीडिंग आहेत. मग मला बायोप्सीचं इंजेक्शन आठवलं आणि डॉक्टरांचा हलका हात.

रात्री आईला फोन केला. दादाने स्पीकरवर सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं कट झाला. मग आई म्हणाली, मले मे महिन्यातच वाटलं होतं. तिच्या माहेरी एका चुलत काकाला होता, त्याच्याही चट्ट्यावर घाम यायचा नाही, तिने लहानपणी बघितलेलं. मी ओरडले, अगं मग बोलली का नाही. ती म्हणाली, तुह्यं लग्न होऊ देत होते. एवढंच. मला त्या क्षणी तिचा प्रचंड राग आला, आणि रागावून करायचं काय ते समजेना, कारण ते सहा महिने तिने माझ्यासाठी म्हणून गप्प काढले होते आणि त्यातल्या शेवटच्या महिन्यात दादाची करंगळी गेली होती. बाबा मागून म्हणत होते शाळेच्या सहलीत आनंदवनात नेलं होतं तवाच लागला असंल. त्यांना समजावायला अर्धा तास गेला, की तिथली माणसं कधीच बरी झालेली आहेत, औषध सुरू झालं की लवकरच रोग पसरायचा थांबतो, तो शिवल्याने लागत नाही, उपचार न घेतलेल्या माणसाच्या नाकातोंडातल्या तुषारांमधून, आणि तेही बराच काळ जवळ राहिल्यावर, आणि तरी बहुतेकांना होतच नाही. आत शिरल्यापासून दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीस. मग कुठून लागला हे कोण सांगणार, पुण्याची पीएमटी, हॉस्टेल, कंपनीची बस, काहीही. २०२२ साली जगात १ लाख ७४ हजारच्या आसपास नवीन रुग्ण नोंदले गेले, त्यातले १ लाखाहून जास्त आपल्या देशात. आणि २००५ च्या शेवटी भारताने जाहीर केलं होतं की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं, म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की रोग संपला. आमच्यासारख्यांनी पण घेतला आणि मला वाटतं बऱ्याच क्लिनिकमध्येही तोच घेतला गेला.

उपचारांवर फार लिहिण्यासारखं नाही कारण ते खरंच साधे होते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सुरू. पाचपेक्षा जास्त डाग नाहीत, एकच नस, म्हणून असांसर्गिक, सहा महिने, हिरवं पाकीट, फुकट. दर २८ दिवसांनी रिफॅम्पिसिन ६०० आरोग्य केंद्रात समोर बसून घ्यायचं आणि डॅप्सोन १०० ची गोळी रोज घरी. नसेसाठी प्रेडनिसोलोन ४० पासून सुरू, हळूहळू कमी करत जवळजवळ पाच महिने. करंगळीचे व्यायाम, रबरबँड लावून. घरच्यांची तपासणी झाली, आरोग्य कर्मचारी साध्या कपड्यांत आले, शेजाऱ्यांना विमावाले वाटले. आम्हा सगळ्यांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस, भाचीला तिच्या वयाप्रमाणे अर्धा. ती तेव्हा आठची. तिने विचारलं बाबाला काय झालंय, दादाने सरळ नाव सांगितलं, तिने विचारलं दुखतं का, तो म्हणाला नाही, तोच प्रॉब्लेम आहे.

कुठे काय वेगळं करायला हवं होतं याची यादी मी करणार नाही, एकच गोष्ट सांगते जी माझ्या डोक्यातून जात नाही. चार ठिकाणी दाखवलं, चारही ठिकाणी डाग बघितला, खरवडला, फोटो काढला, कापला. डागाला काही कळतं का, हे डोळे मिटायला लावून चौदा महिन्यांत एकदाच विचारलं गेलं. त्याला कापूस लागतो. आणि आम्ही घरी तर काय, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत आकार मोजत होतो.

माझं लग्न फेब्रुवारीच्या शेवटी झालं. ह्यांना मी साखरपुड्याच्या आधी सगळं सांगितलं होतं, त्यांनी दोन दिवस वाचून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दादाला फोन करून करंगळी कशी आहे विचारलं. पाचवा डोस नेमका हळदीच्या दिवशी आला. ती गोळी घेतली की दिवसभर लघवी लाल होते, दादा हॉलच्या बाथरूममधून बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाला, तू पिवळी, मी लाल. स्टेरॉइडने त्याचा चेहरा गोल झाला होता, शेरवानीचं वरचं बटण लागत नव्हतं. करंगळी आता जवळजवळ जागेवर आहे, कागद धरते, डाग सपाट झालेत पण पहिला अजून बधिर आहे आणि तसाच राहील असं सांगितलंय, वरोऱ्याच्या मे महिन्यात तो अजूनही कोरडाच असतो.

सासूबाईंना सांगितलेलं नाही. अल्बम बघताना त्या म्हणाल्या, तुझ्या दादाचे गाल बघ कसे भरलेत, पुण्याचं पाणी चांगलंच मानवलेलं दिसतंय. मी म्हटलं हो ना.